मोदक पडतो, गुण वाढत नाहीत : शाळेनंतरच्या कोडिंग वर्गाचं एक सत्र

आठ मुलं, आठ लॅपटॉप, शिकवणारे दोघं आणि दीड तास. कोथरूडमधला आमचा वर्ग या मापावर चालतो. एखाद्या मुलाचा अडकलेला प्रोग्रॅम नीट बघायचा, त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा आणि चूक त्याची त्याला सापडेपर्यंत थांबायचं, तर चार-पाच मिनिटं जातात. चौघं एकदम अडकले तर चौथ्याची पाळी पंधरा मिनिटांनी येते. आणि एकदमच अडकतात, कारण सगळे तोच भाग करत असतात. त्याहून जास्त वेळ दहा वर्षांचं मूल नुसतं बसून राहत नाही. शेजाऱ्याचा माऊस ओढतं, नाहीतर यूट्यूब उघडतं. म्हणून एका शिक्षकामागे चार. बारा मुलांची बॅच घेता येत नाही असं नाही, पण मग शिक्षक माऊस स्वतःच्या हातात घेऊन चुका निस्तरत फिरतो. मुलाला वाटतं, झालं. त्याला काय झालं ते कळलेलं नसतं. आमच्याकडचा पहिला नियम त्यामुळे शिक्षकांसाठी आहे: मुलाच्या माऊसला हात लावायचा नाही.

सत्र बारा आठवड्यांचं, आठवड्यातून दोन वर्ग. शाळांच्या वेळा पक्क्या झाल्याशिवाय वेळापत्रक लावण्यात अर्थ नसतो. सकाळच्या अधिवेशनाची मुलं दुपारी घरी येऊन जेवून-झोपून येतात, दुपारच्या अधिवेशनाची संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटतात आणि रिक्षाकाका त्यांना दप्तरासकट आमच्या दारात उतरवतात. एक बॅच साडेचारची, दुसरी साडेसहाची. दुसऱ्या बॅचची पहिली दहा मिनिटं डब्याची, बाहेरच्या खोलीत. भुकेलं मूल प्रोग्रॅममधली अट (‘असं झालं तर तसं कर’) लिहिताना चुकत नाही, ते अट लिहितच नाही. डबा झाला की हात धुवून आत. तुपाचा हात लागलेला माऊस आठवड्याभरात अडकायला लागतो. गुरुवारी वर्ग असेल तर कागदावरचं काम हाताशी ठेवायचं, कारण महावितरणची देखभालीची कामं पुण्यात गुरुवारी निघतात हे इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. विसर्जनाच्या आठवड्यात पेठांतून येणाऱ्यांना रस्ताच नसतो. तो आठवडा सरळ सोडून द्यायचा.

प्रवेशाच्या वेळी पालकांशी बोलणं हा वेगळाच विषय आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मधल्या टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीत, कोडिंगचा उल्लेख आला आणि दुसरीतल्या मुलाचे बाबा ‘उशीर तर नाही ना झाला?’ असं विचारायला लागले. उशीर झालेला नसतो. दुसरी-तिसरीच्या मुलाला आम्ही स्क्रॅच ज्युनियर (स्क्रॅचची लहान मुलांसाठीची सोपी आवृत्ती) देतो, नाहीतर वर्षभर थांबायला सांगतो. चौथी ते सहावी स्क्रॅच, म्हणजे रंगीत ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करणं; सातवीपासून ओळी टाइप करून लिहायची पायथॉन भाषा. हे इयत्तेवर कमी आणि पहिल्या अर्ध्या तासावर जास्त ठरतं. त्या अर्ध्या तासात आम्ही तीनच गोष्टी बघतो: माऊसचं बटण दाबून धरून वस्तू ओढता येते का, स्वतःचं नाव टाइप करायला किती वेळ लागतो, आणि सेव्ह केलेली फाइल परत शोधून उघडता येते का. टॅब्लेटवर वाढलेली मुलं पहिल्यात अडखळतात आणि तिसऱ्यात हमखास अडकतात. फाइल ही कुठेतरी ठेवलेली वस्तू असते, ही कल्पनाच त्यांना नवी असते. गणितात हुशार आहे की नाही हे आम्ही विचारत नाही. मराठी माध्यमाच्या मुलाला स्क्रॅचचे इंग्रजी ब्लॉक जड जातील अशी भीती पालकांना असते. प्रत्यक्षात पंचवीस-तीस शब्दांनी काम भागतं आणि ते रंगांवरून लक्षात राहतात: हालचाल निळी, घटना पिवळ्या, रूप जांभळं, गणितं हिरवी.

मशीन नवी लागत नाहीत. कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप चालतात, पण एसएसडी हवी आणि रॅम ८ जीबी हवी. ४ जीबीवर स्क्रॅच चालतं, शेजारी ब्राउझरचे पाच टॅब उघडले की रखडतं. स्क्रॅचची तिसरी आवृत्ती २०१९ मध्ये आली तेव्हापासून ते फ्लॅश या जुन्या जोड-सॉफ्टवेअरविना ब्राउझरमध्ये चालतं, तरीही आम्ही प्रत्येक मशीनवर ऑफलाइन संपादक टाकून ठेवतो. नेट गेलं तर वर्ग थांबत नाही आणि यूट्यूबची वाटही बंद राहते. टचपॅडवर ब्लॉक ओढणं मुलांना छळ वाटतो; प्रत्येकाला वायरचा, लहान आकाराचा माऊस द्यायचा. वायरलेसची बॅटरी नेमकी शेवटच्या वर्गातल्या प्रदर्शनाच्या दिवशी संपते. वापरलेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या गेलेल्या असतात हे धरूनच चालायचं. संगणकाचा ६०० व्हीएचा यूपीएस आठ लॅपटॉपांना पुरत नाही; घरगुती इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी असेल तर एक बॅच आरामात निघते, कारण बॅटरी चार्ज होत नसताना असा लॅपटॉप वीस-तीस वॅटच खातो.

आता फाइली. ब्राउझरमध्ये खात्याशिवाय केलेलं काम टॅब बंद केला की गेलं. डाउनलोड केलं तर सगळ्या फाइलींना तेच नाव मिळतं आणि शेवटी कंसात आकडा येतो. सातव्या फाइलीत काय आहे हे मुलालाही सांगता येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी नाव देण्याची पद्धत फळ्यावर लागते: मुलाचं नाव, खेळाचं नाव, आकडा. ‘ईरा-मोदक-०३’. काही चालायला लागलं की पुढचा आकडा देऊन नवी प्रत करायची आणि जुनी पुसायची नाही. मोडलं तर परत जायला पायरी असते. वर्ग संपायला दहा मिनिटं राहिली की सगळ्यांनी हात वर, सेव्ह, आणि एका सामायिक फोल्डरमध्ये प्रत.

स्क्रॅचचा पहिला मोठा खेळ म्हणजे वरून मोदक पडतात आणि खाली उंदीर ते पकडतो. साधा खेळ आहे, पण प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक मूळ कल्पना त्यात येऊन जातात. आधी रंगमंच, म्हणजे खेळ दिसतो तो चौकोन, समजून घ्यायचा. मध्यबिंदू शून्य, आडवा एक्स उणे २४० ते २४०, उभा वाय उणे १८० ते १८०. महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांना ऋण संख्या सहावीत भेटतात. चौथी-पाचवीतल्यांना इथेच पहिल्यांदा भेटतात. सोसायटीच्या लिफ्टमध्ये तळमजल्याखालच्या पार्किंगला उणे एक लिहिलेलं असतं, तेवढं दाखवलं की पुरतं. मग फरशीवर खडूनं दोन रेषा मारून एकानं आकडे सांगायचे, दुसऱ्यानं तिथे जाऊन उभं राहायचं. हे वीस मिनिटं केलं की पुढचे चार वर्ग सोपे जातात.

मोदकाचा प्रोग्रॅम असा: हिरवा झेंडा (खेळ सुरू करायचं बटण) दाबला की गुण शून्य करा. मोदकाला वर पाठवा, वाय १७०, एक्स उणे २२० ते २२० मधला कुठलाही. मग फॉरेव्हर या आतलं काम सतत करत राहणाऱ्या ब्लॉकच्या आत वाय दर वेळी ५ नं कमी करा. उंदराला लागला तर गुण १ नं वाढवा आणि परत वर पाठवा. तळाला पोचला तरीही वर पाठवा. उंदीर बाणांच्या किल्ल्यांनी डावीकडे-उजवीकडे. फळ्यावर हे सहा ओळींत मावतं. आणि सहाही ओळींत मुलं ठरलेल्या ठिकाणी अडकतात.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक प्रोग्रॅमची नसतेच. मोदकाचा कोड उंदरावर लिहिलेला असतो. खाली कुठला स्प्राइट (खेळातलं पात्र) निवडलाय तिकडे लक्ष नसतं. ‘ताई, मोदक हलतच नाहीये, उंदीरच खाली पडतोय’ अशी तक्रार आली की आम्ही उत्तर देत नाही, ‘आत्ता कुणावर क्लिक केलंयस?’ एवढंच विचारतो. बॅकड्रॉप, म्हणजे मागचा पडदा, निवडलेला असेल तर निळे ब्लॉक दिसतच नाहीत आणि मूल घाबरून ‘ब्लॉक डिलीट झाले’ म्हणतं. रंगमंचाला हालचाल नसते, म्हणून ते लपलेले असतात.

दुसरी चूक अटीची. ‘लागला तर गुण वाढव’ ही ओळ मुलं फॉरेव्हरच्या बाहेर ठेवतात. झेंडा दाबल्यावर संगणक एकदाच तपासतो, तेव्हा मोदक वर असतो, उत्तर ‘नाही’, विषय संपला. मोदक उंदरावर पडतो आणि काहीच होत नाही. मुलाच्या मते त्यानं संगणकाला सांगून ठेवलेलं असतं. सांगून ठेवता येत नाही, सतत विचारत राहावं लागतं, हे पटायला एक वर्ग जातो आणि तो जाऊ द्यावा. घाईनं ब्लॉक आत सरकवून दिला तर पुढच्या खेळात तीच चूक परत येते.

तिसरी याच्या उलट. खेळात मांजर आणलं आणि मांजराला लागलं तर एक जीव कमी असं ठेवलं, की तिन्ही जीव डोळ्याचं पातं लवायच्या आत जातात. स्क्रॅच सेकंदाला तीसेक वेळा तपासतं. स्पर्श पाव सेकंद टिकला तरी सात-आठ वेळा ‘हो’ येतं. उपाय दोन: जीव कमी केल्यावर एक सेकंद थांबायचं किंवा मांजराला लगेच दूर पाठवायचं. दुसरा बरा. थांबण्याचा ब्लॉक हालचालीच्याच फॉरेव्हरमध्ये टाकला तर मांजरही सेकंदभर गोठतं. आवाजाचंही तसंच आहे. ‘आवाज संपेपर्यंत वाजव’ असा ब्लॉक घेतला की मोदक उंदराच्या डोक्यावर अडकून राहतो. ‘आवाज सुरू कर’ घ्यायचा.

तळाची अट हे एक छुपं दुखणं आहे. मुलं तर्कानं बरोबर लिहितात: वाय उणे १८० पेक्षा कमी झाला तर वर पाठव. मोदकाचं चित्र मोठं असेल तर हे चालतं. लहान केलं की मोदक तळाशी चिकटून बसतो. स्क्रॅच कुठल्याही स्प्राइटला रंगमंचाबाहेर पूर्ण जाऊ देत नाही, थोडा भाग आत धरून ठेवतं. त्यामुळे लहान मोदकाचा मध्यबिंदू उणे १८० च्या खाली उतरतच नाही आणि अट कधीच खरी होत नाही. उणे १७० लिहायचं. एरवी हुशार मुलगाही इथे हताश होतो, कारण त्याचा विचार चुकलेला नसतो; अशा वेळी कारण सरळ सांगून टाकावं.

किल्ल्यांचं बारीक प्रकरण. ‘उजवा बाण दाबला तेव्हा’ हा पिवळा ब्लॉक वापरला तर उंदीर एक पाऊल टाकतो, अडखळतो आणि मग धावतो. किल्ली दाबून धरल्यावर दुसरं अक्षर उमटायला जो उशीर लागतो तोच हा. फॉरेव्हरमध्ये ‘उजवा बाण दाबलेला आहे का?’ असं विचारलं की चाल सरळ होते. उंदीर डावीकडे वळताना उलटा, पाय वर करून चालायला लागतो, तेव्हा वळण्याची पद्धत डावी-उजवी अशी लावायची. पण हे आम्ही आधी सांगत नाही. उलट्या उंदरावर वर्ग हसतो, आणि हसल्यावर त्यातली मेख पक्की लक्षात राहते.

सुरुवातीची स्थिती लिहायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. खेळ संपला की उंदीर लपवायचा, इतपत लिहिलेलं असतं. पुन्हा झेंडा दाबल्यावर दाखवायचा, हे राहतं. मग ‘माझा उंदीर हरवला’. गुण कालच्या आकड्यापासून सुरू होतात. क्लोन (एकाच मोदकाच्या प्रती) वापरणाऱ्यांचा मोदकांचा पाऊस थोड्या वेळानं बंद पडतो, कारण पकडलेले आणि पडलेले क्लोन पुसलेले नसतात आणि स्क्रॅच एका वेळी ३०० क्लोनच ठेवतं. या सगळ्यासाठी भिंतीवर एक मोठा कागद आहे, तीन रकान्यांचा: काय व्हायला हवं होतं, काय झालं, कारण काय निघालं. शिक्षकाला हाक मारण्याआधी पहिले दोन रकाने भरायचे. निम्म्या वेळा दुसरा भरता भरताच मूल ‘अरे हो’ म्हणून परत खुर्चीवर जातं.

चित्रांकडे वळतो ते सहाव्या-सातव्या आठवड्यात. तोवर तयार स्प्राइट वापरायचे, कारण एकदा रंगाची बादली हाती लागली की कोड मागे पडतो. मोदक मुलं स्वतः काढतात: व्हेक्टरमध्ये, म्हणजे बिंदू ओढून आकार बदलता येतो त्या पद्धतीत, एक वर्तुळ, त्याचा वरचा बिंदू ओढून टोक, मग कळ्यांच्या रेषा. काढलेलं चित्र कॅनव्हासच्या मध्यावर नसेल तर फिरवताना ते कुठल्या तरी दूरच्या बिंदूभोवती गरगरतं. मधली फुली शोधायची, सगळं निवडून तिच्यावर आणून ठेवायचं. रंग ओळखून स्पर्श तपासणारा ब्लॉक व्हेक्टर चित्रांच्या मऊ कडांवर फसतो, म्हणून शक्य तिथे स्प्राइटचा स्पर्श तपासावा.

खेळाचं पोस्टर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये. ते फुकट आहे आणि जुन्या मशीनवर चालतं. तयार साच्यांची संकेतस्थळं आम्ही या टप्प्यावर उघडत नाही. बहुतेकांना वयाच्या अटी आहेतच, पण खरं कारण ते नाही. साच्यात मूल फक्त नाव बदलतं आणि मोठं काय, लहान काय, मोकळी जागा कुठे, यातला एकही निर्णय स्वतः घेत नाही. त्याऐवजी आधी रंगीत कागदाचे तुकडे: एक शीर्षकाचा, एक चित्राचा, एक तारीख-वेळेचा. ते ए-फोर कागदावर सरकवून बघायचे, पोस्टर भिंतीला लावून सहा-सात फुटांवरून वाचायचं. रंग तीन, अक्षरांचे आकार तीन, चारी बाजूंना किमान १० मिलिमीटर मोकळे. एवढ्या अटींत आठ मुलांची आठ वेगळी पोस्टरं निघतात.

छपाईत पोस्टर बिघडतं त्याची कारणं ठरलेली आहेत. ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. इंचाला ३०० ठिपके धरले तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या दर्जात फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राची लांब बाजू साधारण दीड हजार पिक्सेल उरते, म्हणजे पाच इंचापर्यंत स्वच्छ, पुढे धुरकट. डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं. स्क्रीनवरचा चमचमता पोपटी कागदावर शेवाळी येतो, कारण छपाईच्या शाईत तो रंग बसतच नाही. तो आधीच टाळावा. आणि मराठी अक्षरं. मुक्ता, बलू यांसारखे युनिकोड फॉन्ट मोफत आहेत आणि मोठ्या आकारात सुरेख दिसतात, पण अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या छपाईच्या दुकानातल्या संगणकावर ते असतीलच असं नाही. तिथे फाइल उघडली की ‘प्रदर्शन’चा रफार भलत्याच अक्षरावर जातो. म्हणून देण्याआधी मजकूर निवडून त्याचं पाथमध्ये, म्हणजे अक्षरांऐवजी नुसत्या आकारांत, रूपांतर करायचं आणि पीडीएफ काढायची. पाथ केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही, त्यामुळे त्याआधीची प्रत वेगळी ठेवायची. ‘पुण्यातिल’ छापून आलं तर फोन येतो तो आजोबांचाच.

मराठी टायपिंगला इन्स्क्रिप्ट (प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेली किल्ली) की उच्चारानुसार (इंग्रजी अक्षरांतून), यावर आमच्यातच एकमत नाही. उच्चारानुसार मुलं पहिल्या दिवसापासून लिहितात. इन्स्क्रिप्टला दोन आठवडे लागतात, पण ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’ यांतला ऱ्य तिथे सरळ मिळतो: ‘र’च्याच किल्लीवर शिफ्ट धरून ऱ, मग हलन्त, मग य. हा ऱ पुढे पायथॉनमध्येही कामाला येतो.

सातवी-आठवीच्या पायथॉनसाठी थॉनी हा संपादक. त्याच्यासोबतच पायथॉन येतं, वेगळं बसवावं लागत नाही, आणि प्रोग्रॅम ओळीओळीनं चालवून बघता येतो. सुरुवात टर्टलनं, म्हणजे पडद्यावर रेघ ओढत चालणाऱ्या कासवानं: चौकोन, मग कुठलाही बहुभुज, ३६० भागिले बाजू. पाच टोकांच्या चांदणीला ७२ चालत नाही, १४४ लागतात. हे कागदावर पेन्सिल फिरवूनच कळतं. दहा दहा अंश वळून छत्तीस वर्तुळं काढली की पहिली ‘व्वा’ ऐकू येते.

मग ठिपक्यांची रांगोळी, पाच बाय पाच. हा आमचा सगळ्यात आवडता पाठ आहे. लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा; बाहेरचा लूप ओळींचा, आतला ठिपक्यांचा. ठिपका द्या, ४० पुढे, असं पाचदा. मग पेन उचलून ओळीच्या सुरुवातीला परत, ४० खाली, पुन्हा तेच. परत किती जायचं? जवळजवळ सगळे १६० म्हणतात, कारण पाच ठिपक्यांत अंतरं चार. पण लूपमध्ये शेवटच्या ठिपक्यानंतरही कासव ४० पुढे गेलेलं असतं, म्हणून २००. १६० लिहिलं की प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा ४० नं उजवीकडे सरकते आणि चौकोनाऐवजी तिरकी पायरी उमटते. एकाच्या फरकाची ही चूक मोठमोठे प्रोग्रॅमरही करतात. इथे ती डोळ्यांना दिसते. आजीनं दारात रांगोळी काढताना बघितलेल्या मुली हा घोटाळा सगळ्यांच्या आधी पकडतात.

पायथॉनमधल्या बाकीच्या अडचणी भराभर सांगून टाकतो. ओळीच्या शेवटचं विसर्गासारखं कोलन राहतं. ओळीच्या सुरुवातीला जागा सोडताना एका ठिकाणी टॅब आणि दुसऱ्या ठिकाणी स्पेस पडते; चार स्पेसची सवय लावावी. फाइलीला टर्टल असंच नाव दिलं की प्रोग्रॅम मूळ टर्टलऐवजी त्या फाइलीलाच बोलावतो आणि न कळणारी त्रुटी येते. नाव बदललं की प्रश्न मिटतो. वर्डमध्ये टाइप करून पाठवलेल्या कोडमधली वळणदार अवतरणं पायथॉनला चालत नाहीत, सरळच लागतात. इनपुटमधून आलेले ५ आणि ३ मिळवले तर ५३ येतात, कारण ती अक्षरं असतात; आधी इंट करून, म्हणजे पूर्णांकात बदलून घ्यायचं.

देवनागरीशी पायथॉनचं नातं मात्र थोडं थांबून बघण्यासारखं आहे. चलाचं (किंमत साठवायच्या जागेचं) नाव ‘गुण’ किंवा ‘पायऱ्या’ असं मराठीत ठेवता येतं. पायऱ्यातला ऱ्य न दिसणारं जोडचिन्ह घालून, जुन्या पद्धतीनं लिहिला असेल तर त्रुटी येते आणि डोळ्यांना चूक दिसत नाही. प्रोग्रॅममध्ये ५ हा आकडा देवनागरीत लिहिला तर पायथॉन तो नाकारतं, पण वापरणाऱ्यानं इनपुटमध्ये ५ देवनागरीत टाइप केला आणि आपण त्याचं इंट केलं, तर बिनतक्रार पाच मिळतात. ‘पुणे’ शब्दाची लांबी विचारली तर उत्तर येतं ४. मुलं म्हणतात दोन. मग उकार आणि मात्रा वेगवेगळ्या मोजायला लावायच्या. ‘महाराष्ट्र’ची लांबी दहा का, हे त्यांना स्वतः काढू द्यायचं; दोन हलन्त सापडेपर्यंत कुणाचंच उत्तर जमत नाही. ‘पुणे’ उलटं छापायला सांगितलं की ‘े’ एकटाच पुढे येतो आणि उकार ‘ण’ला जाऊन चिकटतो. शब्द उलटसुलट करून खेळ बनवायचा असेल तर मात्रांना त्यांच्या अक्षरासोबत ठेवणारा कोड आधी लिहावा लागतो, आणि सातवीतल्या मुलांना तो जमतो.

मायक्रोबिट या छोट्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाचे आम्ही दोनच वर्ग घेतो. पाच बाय पाच दिव्यांवर आपलं आद्याक्षर चमकलं की मुलं खूश. बोर्ड संगणकाला दिसत नसेल तर दहापैकी नऊ वेळा दोष केबलचा: ती फक्त चार्जिंगची असते, डेटाच्या तारा तिच्यात नसतातच. चालणाऱ्या केबलांना रंगीत चिकटपट्टी लावून ठेवावी. क्रोकोडाइल क्लिपा, बॅटरीचे डबे वगैरे किरकोळ सामान बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या परिसरात मिळून जातं.

मुलांच्या खात्यांबद्दल आम्ही कडक आहोत. खातं काढायचंच असेल तर पालकाच्या ईमेलवर आणि पालक समोर असताना. खेळाच्या नावात किंवा माहितीत शाळा, आडनाव, फोटो काही नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. प्रवेशाच्या अर्जावर तिची वेगळी सही असते आणि प्रदर्शनाच्या फोटोंसाठी आणखी एक. एआयकडून कोड मागून आणणारी मुलं आता येतात. त्याला बंदी नाही, पण कुठल्याही ओळीवर बोट ठेवल्यावर ती काय करते आणि काढली तर काय बिघडेल, हे सांगता आलं पाहिजे. न आल्यास ती ओळ काढून चालवून बघायची.

शेवटच्या वर्गाला पालक येतात. मुलानं खेळ दाखवायचा नाही, पालकांना खेळू द्यायचा, शेजारी उभं राहून वहीत लिहायचं की ते कुठे अडले. आई-बाबा झेंडा शोधत बसतात, बाणाऐवजी माऊस हलवतात, सूचना वाचत नाहीत. त्या वहीवरून शेवटची अर्धा तास दुरुस्ती होते आणि मगच फाइल घरी जाते.

घरी जाताना मागणी ठरलेली असते: नाशिकच्या मामाला, अमेरिकेतल्या आत्याला पाठवायचाय. स्क्रॅचची फाइल तशीच पाठवली तर त्यांच्या फोनवर उघडत नाही. टर्बोवार्पच्या पॅकेजर या साधनातून तिची एकच एचटीएमएल फाइल करता येते आणि ती अँड्रॉइड फोनवर क्रोममध्ये चालते. पण फोनला बाण नसतात. म्हणून पॅक करण्याआधी उंदराचा एक्स माऊसच्या एक्सइतका ठेवायचा, फॉरेव्हरच्या आत. फोनवर बोट हाच माऊस होतो. गुणांचा चौकोन डाव्या कोपऱ्यात असतो, तिथे मोदक त्याच्यामागे लपतो, तेव्हा एक्सची डावी हद्द थोडी आत घ्यायची. आणि न वापरलेले बॅकड्रॉप, आवाज काढून टाकायचे. फाइल वीस एमबीची झाली असेल तर आवाजांच्या टॅबमध्ये बघावं, कुणीतरी तिथे अख्खं गाणं टाकून ठेवलेलं असतं.